बातमीतील जात आणि वऱ्हाडचा कापूस

निवडणुकीचे निकाल लागले की आपल्या वर्तमानपत्रांना एक ‘पहिला’ हवा असतो. पहिला दलित, पहिली स्त्री, पहिला आदिवासी, पहिला कृष्णवर्णीय. तो सापडला की दोन-चार दिवस त्याच्या जन्मगावाची, आईच्या डोळ्यांतील पाण्याची, कंदिलाच्या उजेडात केलेल्या अभ्यासाची वर्णने येतात, जुनी छायाचित्रे मिळवून छापली जातात, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच सारे थंडावते. यात निवडून आलेल्या व्यक्तीचा दोष क्वचितच असतो. शतकानुशतके दाराबाहेर उभ्या ठेवलेल्या समाजातील माणूस आत आला याचा आनंद त्या समाजाला होणारच, आणि त्या आनंदाला नाक मुरडण्याचा अधिकार आत आधीपासून बसलेल्यांना नाही. परंतु निवडून येणे ही एक सामुदायिक घटना असते. अनेक जातींच्या आणि अनेक हितसंबंधांच्या माणसांनी काही हेतू मनात धरून ती घडवलेली असते. बातमी तिचे रूपांतर एका जन्मकथेत करते, आणि जन्मकथेला जाब विचारता येत नाही.

वऱ्हाडने हा अनुभव एकदा फार ठळकपणे घेतला आहे. १९९८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाराव्या लोकसभेची निवडणूक झाली. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी महाराष्ट्रात शिवसेना-भाजप युतीने ४८ पैकी ३३ जागा जिंकल्या होत्या. १९९८ मध्ये काँग्रेस, रिपब्लिकन पक्ष आणि समाजवादी पक्ष एकत्र आले आणि पारडे फिरले : काँग्रेसला ३३, रिपब्लिकन पक्षाला ४, शेतकरी कामगार पक्षाला १, आणि युती दहावर आली. रिपब्लिकन पक्षाचे जे चौघे निवडून आले त्यांत अकोल्याहून प्रकाश आंबेडकर होते आणि अमरावतीहून रा. सू. गवई. चिमूरहून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले हे उरलेले दोघे. चौघेही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले होते. स्वतंत्र भारतात महाराष्ट्राच्या राजकारणात असे पूर्वी घडले नव्हते.

त्यानंतरच्या दिवसांत चर्चा रंगली ती चार चेहऱ्यांची. बाबासाहेबांचे नातू, दादासाहेब गायकवाडांच्या पिढीशी नाते सांगणारे गवई, ‘लाँग मार्च’चे कवाडे, पँथरचे आठवले. ऐक्य टिकेल काय, केंद्रात कोणाला काय मिळेल, चौघांत पुढारी कोण, हे प्रश्न चवीने चघळले गेले. ज्या प्रश्नावर खरे तर आठवडाभर अग्रलेख यायला हवे होते तो बाजूलाच राहिला : ही मते दिली कोणी?

गणित सोपे आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अकोला जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे २० टक्के आहे आणि अमरावती जिल्ह्यात त्याहून काहीसे कमी. १९९८ मध्येही चित्र फार निराळे असण्याचे कारण नाही. तेव्हा सारे दलित मतदार एका रांगेत उभे राहिले असते तरी या दोन जागा त्यांच्या बळावर जिंकता आल्या नसत्या. कुणबी, माळी, बंजारा, धनगर, मुसलमान अशा कितीतरी घरांतून बौद्ध उमेदवारांच्या चिन्हावर शिक्का पडला, तेव्हाच अकोला आणि अमरावती हाती आले. वऱ्हाडातील गावगाड्याची ज्यांना माहिती आहे, गावकुसाबाहेरची विहीर अजून ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शिक्क्याचे मोल सांगावे लागणार नाही. पक्षांच्या आघाडीमुळे आणि युतीविषयीच्या नाराजीमुळे तो पडला हे खरे. पण तो पडला. बातमीत मात्र ‘दलित नेते विजयी’ एवढेच उरले. ज्यांनी जात ओलांडून मत दिले त्यांच्या कृतीची नोंद कोणी घेतली नाही, आणि नोंद न झालेली कृती पुढच्या निवडणुकीत सहज विसरली जाते.

अकोल्यात तर या शिक्क्यामागे काही वर्षांची मेहनत होती. नव्वदच्या दशकाच्या आरंभी, मंडल आयोगाचे वारे वाहत असताना, प्रकाश आंबेडकरांनी मखराम पवार यांच्यासारख्या बंजारा नेत्याला बरोबर घेऊन बहुजन महासंघाची उभारणी केली. लहान लहान ओबीसी जातींना उमेदवारीत वाटा द्यायचा, बौद्धांची मते त्यांच्यामागे उभी करायची आणि त्यांची मते आपल्याकडे वळवायची, असा हा सरळ व्यवहार होता. त्यालाच पुढे ‘अकोला पॅटर्न’ हे नाव पडले. जिल्हा परिषदेपर्यंत सत्ता पोहोचवण्याचे काम याच व्यवहाराने केले. त्यात दोष नव्हते असे नाही. जातींची बेरीज करताना शेतमजुराचा प्रश्न त्या बेरजेत कुठे बसतो, याचे समाधानकारक उत्तर त्या प्रयोगाने कधी दिले नाही. तरी तो कष्टाने जमवलेला प्रयोग होता. पांडुरंग फुंडकरांनी १९८९ पासून सलग तीनदा जिंकलेला मतदारसंघ कोणाचा तरी नातू आला म्हणून ढासळला नाही. नातू तर तो आधीच्या पराभवांच्या वेळीही होताच.

जन्माचा महिमा मते मिळवून देत असता तर प्रत्यक्ष बाबासाहेब हरले नसते. १९५२ मध्ये ते उत्तर मुंबईत पराभूत झाले आणि १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत. भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. सर्वसाधारण जागा समाजवादी नेते अशोक मेहता यांनी जिंकली, आणि त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, राखीव जागेवर घटनेच्या शिल्पकाराला पाडले. समाजवाद्यांनी तो विजय फारसा कुरवाळू नये. जात वर्गसंघर्षात आपोआप विरघळेल असे मानणाऱ्यांना त्या निकालाने जे सांगितले ते ऐकायला पुढे बरीच वर्षे लागली. राममनोहर लोहियांनी मागासांसाठी साठ टक्के विशेष संधीची मागणी धरली तेव्हा कुठे पक्षाच्या विचारात जातीला तिची जागा मिळाली.

अमरावतीचा मतदारसंघ तर एखाद्या राजकीय प्रयोगशाळेसारखा आहे. पहिल्या तीन निवडणुकांत तेथून पंजाबराव देशमुख निवडून आले. १९२७-२८ मध्ये अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात हेच पंजाबराव पुढे होते, आणि १९२७ च्या नोव्हेंबरात अमरावतीत भरलेल्या वऱ्हाडातील अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांकडे होते. १९८९ मध्ये याच मतदारसंघाने कम्युनिस्ट पक्षाच्या सुदाम देशमुखांना लोकसभेत पाठवले. १९९१ मध्ये प्रतिभा पाटील, १९९६ मध्ये शिवसेनेचे अनंत गुढे, १९९८ मध्ये गवई. अशा मतदारांना केवळ ‘जातीवर मत देणारे’ म्हणणे हा आळस आहे. ते दर खेपेला काहीतरी अजमावून पाहत होते, आणि काय अजमावत होते हे शोधण्याचे काम ज्यांचे, ते चेहऱ्यांची छायाचित्रे काढण्यात गुंतले होते.

अजमावत होते ते बहुधा हे : कापसाचे काय होणार?

वऱ्हाडात कापूस हा केवळ पिकाचा विषय नाही. शेतमालकाचे कर्ज, मजुराची वेचणी, जिनिंगमधील हंगामी काम, लग्नकार्ये, मुलांचे शिक्षण, सारे त्यावर टांगलेले असते. या दोन जिल्ह्यांत दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून कितीतरी अधिक आहे, आणि त्यांत बौद्ध, आदिवासी आणि भूमिहीन ओबीसी यांचीच भरती आहे. म्हणजे कापसाचा भाव पडला की पहिला मार कोरडवाहू कुणब्याला बसतो आणि दुसरा त्याच्या शेतात वेचणी करणाऱ्या बौद्ध बाईला. दोघांचे हित इथे जोडलेले आहे आणि मजुरीच्या दरावरून ते तुटतेही. १९९८ च्या आघाडीत ही दोन माणसे एका चिन्हाखाली आली होती. त्यांच्या प्रतिनिधींना कोणते प्रश्न विचारायला हवे होते? १९७२ पासून चालत आलेली कापूस एकाधिकार खरेदी योजना तोट्याच्या ओझ्याखाली दबत होती. ती सुधारायची की मोडायची? रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. मग कामे मागणाऱ्यांना कामे का मिळत नव्हती? वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये दाखवलेला सिंचनाचा अनुशेष अमरावती विभागात तसाच का राहिला होता? १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळाने त्याचे काय केले? हे प्रश्न रुक्ष आहेत, त्यांना छायाचित्र नसते.

ते विचारले जाण्यापूर्वीच सभागृह संपले. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि लोकसभा विसर्जित झाली. अवघे तेरा महिने. जूनमध्ये काँग्रेस फुटून राष्ट्रवादी काँग्रेस निघाली, आणि रिपब्लिकन ऐक्याचेही तुकडे झाले. प्रकाश आंबेडकर भारिप-बहुजन महासंघाच्या नावावर अकोल्याची जागा राखू शकले. गवई अमरावतीत हरले. आता बातमीला दुसरी जन्मकथा मिळाली : ‘हे लोक एकत्र राहूच शकत नाहीत.’ ज्या काँग्रेसच्या फुटीने आघाडीचा पायाच निखळला तिच्याविषयी लिहिताना मराठा नेते एकत्र राहू शकत नाहीत असे कोणी म्हटले नाही. तिथे मतभेद ‘धोरणात्मक’ होते, ‘महत्त्वाकांक्षेचे’ होते. फार तर ‘सोनिया गांधींच्या परकीयत्वाचे’ होते. रिपब्लिकनांच्या मतभेदांना मात्र जात चिकटली. बातमीतील जात ही अशी आहे. विजयात ती विशेषण म्हणून येते आणि पराभवात कारण म्हणून. वरच्या जातीच्या माणसाच्या बाबतीत ती दोन्ही वेळा गळून पडते, आणि त्याचे यश त्याचे एकट्याचे, अपयश परिस्थितीचे ठरते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. अमरावती आणि अकोला त्यांत होतेच. पुढच्याच वर्षी, २५ जुलै २००७ रोजी, प्रतिभा पाटील राष्ट्रपती झाल्या. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणजे अमरावतीच्या सूनबाई, म्हणून शहरात कमानी उभ्या राहिल्या. त्या वर्षीच्या दोन बातम्या, विधवांची आणि राष्ट्रपतींची, एकाच जिल्हा पानावर येत राहिल्या. एकीचा दुसरीशी काही संबंध असू शकतो, असे त्या पानावर कुठे दिसत नसे.

येथे एक आठवण देणे अवश्य आहे. वर्णभेदाच्या प्रश्नाशी वऱ्हाडचे नाते आजकालचे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले, गुलामांनी पिकवलेला कापूस मँचेस्टरला पोहोचेना, आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. कापसाचे भाव चढले. ज्वारीची शेते कापसाखाली गेली. लोहमार्ग अकोला-बडनेऱ्याकडे आला. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचे उद्‌घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. युद्ध थांबताच भाव कोसळले होते आणि कर्ज मागे राहिले होते. म्हणजे मिसिसिपीच्या मळ्यात राबणाऱ्या काळ्या माणसाचे आणि वऱ्हाडच्या कुळाचे नशीब बाजाराने एकाच गाठीत बांधले तेव्हा दोघांनाही एकमेकांचे नाव माहीत नव्हते. ते नाते ओळखले जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे विचारवंत ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये मुंबईतील दलित तरुणांनी आपल्या संघटनेचे नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले.

लोहियांची गोष्टही सांगण्याजोगी आहे. १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते प्रथमच लोकसभेवर निवडून आले. पुढच्या वर्षी, मे १९६४ मध्ये, मिसिसिपीतील जॅक्सन शहरी त्यांना वर्णावरून एका उपाहारगृहात प्रवेश नाकारला गेला. ते पुन्हा गेले आणि त्यांना पकडण्यात आले. अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली. बातमीच्या दृष्टीने भारतीय खासदाराचा अपमान झाला आणि दिलगिरीने तो भरून निघाला. त्याच उपाहारगृहाच्या दारातून रोज परत पाठवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय नागरिकाची दिलगिरी कोणी मागितली नव्हती, आणि लोहिया दुसऱ्यांदा गेले ते त्याच्या रांगेत उभे राहण्यासाठी.

४ नोव्हेंबर २००८ रोजी बराक ओबामा अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतही दिवाळी झाली. ‘आपला ओबामा कोण?’ असा प्रश्न विचारला गेला आणि दलित नेत्यांच्या नावांची यादी केली गेली. जणू एखादी जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी योग्य वर्णाचा उमेदवार हवा होता. अमेरिकेत वर्णभेदोत्तर युग अवतरले असे सांगणारेही कमी नव्हते. प्रत्यक्षात त्याच वेळी घरकर्जांच्या संकटाने कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे लिलावात जात होती, कारण महागडी आणि फसवी कर्जे त्यांच्याच वस्त्यांत अधिक खपवली गेली होती. त्यांची मध्यम संपत्ती श्वेत कुटुंबाच्या एक-दशांशाच्या आसपास होती आणि आठ वर्षांनंतरही ती तेथेच राहिली. या माणसाचा जन्म अमेरिकेतच झाला काय, अशी कुजबुज इतकी पसरवली गेली की २०११ मध्ये देशाच्या अध्यक्षाला आपला जन्मदाखला जाहीर करावा लागला. ज्या जन्माचा उदोउदो झाला त्याच जन्माची चौकशीही झाली. उदोउदो करणारे आणि चौकशी करणारे वेगळे असतील. जन्माकडे पाहण्याची खोड दोघांची एकच.

वऱ्हाडच्या शेतकऱ्याने मात्र ओबामांना जन्माविषयी काही विचारायचे कारण नव्हते. त्याचा प्रश्न कापसाचाच होता. अमेरिका आपल्या मूठभर कापूस उत्पादकांना भरघोस अनुदाने देते, त्यामुळे जगाच्या बाजारात भाव पडतात, आणि त्याची झळ आफ्रिकेपासून अकोल्यापर्यंत पोहोचते. ब्राझीलने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ती जिंकली. २०१० मध्ये, ओबामांच्याच कारकिर्दीत, अमेरिकेने काय केले? अनुदाने चालू ठेवली आणि ब्राझीलच्या कापूस उत्पादकांना वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे मान्य करून त्या देशाचे तोंड बंद केले. ज्यांनी तक्रार केली नव्हती त्या माली, बुर्किना फासोच्या काळ्या शेतकऱ्यांना आणि यवतमाळ-अमरावतीच्या शेतकऱ्यांना त्यातील छदामही मिळाला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओबामा मुंबईस आले. मणिभवनला गेले, मुलांबरोबर कोळीगीतावर त्यांनी पावले टाकली. नाचाची छायाचित्रे सर्वत्र झळकली. कापसाच्या कराराविषयी त्या पाहुण्यास कोणी छेडल्याचे आढळत नाही. (लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हाही मालवण तालुक्यातील वराड गावाचे कौतुक छापून झाले. त्याच वर्षी समाजकल्याण खात्याचे मंत्री असताना त्यांनी सरकारी मदत घेणाऱ्यांतील ‘लबाडां’विरुद्ध जाहिरातमोहीम चालवली होती, हे मराठी वाचकाला सांगावे असे फार थोड्यांना वाटले.)

आता पुन्हा अमरावतीकडे यावे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर, २००९ पासून, अमरावतीची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. राखीव जागा असाव्यात काय, हा वाद इथे नाही. १९५२ आणि १९५४ च्या निकालांनंतर तो घालण्याचे धैर्य कोणी करू नये. ज्या मतदारसंघाने खुला असताना बौद्ध प्रतिनिधी निवडून दिला होता तो राखीव झाल्यावर त्याच्या राजकारणाची भाषा कशी बदलली, एवढेच पाहायचे आहे. २०१९ मध्ये नवनीत राणा अपक्ष म्हणून, काँग्रेस आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर, निवडून आल्या. त्या चित्रपट अभिनेत्री होत्या. प्रसिद्धीला आणखी काही लागत नव्हते. ८ जून २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे जातप्रमाणपत्र रद्द ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून प्रमाणपत्र वैध मानले. मधल्या काळात, २०२२ मध्ये, मुख्यमंत्र्यांच्या घरासमोर हनुमान चालिसा म्हणण्याच्या घोषणेवरून अटक झाली, आणि दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना कित्येक दिवस दुसरा विषय उरला नाही. २०२४ मध्ये त्यांनी भाजपच्या तिकिटावर निवडणूक लढवली आणि काँग्रेसचे बळवंत वानखडे विजयी झाले. न्यायालयाने अखेर जो निर्णय दिला तो सर्वांना मान्य केला पाहिजे. पण पाच वर्षे एका मतदारसंघाच्या प्रतिनिधीविषयी दोनच गोष्टींची चर्चा होत राहिली, जन्म कोणत्या जातीत झाला आणि आज कोणता देखावा झाला. याच पाच वर्षांत संत्र्याची फळगळ झाली, कापसावर गुलाबी बोंडअळी येत राहिली, आणि सभागृहात अमरावतीच्या वतीने त्याविषयी काय बोलले गेले हे सांगणारी चौकट कोणत्याही पानावर नियमाने आली नाही.

गवई खुल्या जागेवरून उभे होते तेव्हा त्यांना कोणी दाखला मागितला नव्हता. दर्यापूर तालुक्यातील दारापूरचा हा माणूस विधान परिषदेत तीस वर्षे काढून आणि तिचे सभापतिपद भूषवून आला होता. मतदारांपुढे काही एक कारभार होता, त्यावर त्यांनी होय म्हटले आणि पुढच्या वर्षी नाही म्हटले. लोकशाहीत प्रतिनिधीला मिळू शकणारा हा सर्वांत समान वागणुकीचा प्रकार आहे. त्यांचे चिरंजीव भूषण गवई मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, त्या पदावरील पहिले बौद्ध म्हणून अमरावतीत त्यांचे कौतुक झाले, आणि पाचच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, भर न्यायालयात त्यांच्यावर जोडा फेकण्याचा प्रयत्न एका वकिलाने केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले, आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. नवा कापूस बाजारात येण्याचे नेमके हेच महिने. न्यायमूर्तींचा त्याच्याशी संबंध नाही. वर्तमानपत्रांचा आहे : जोड्याची बातमी महिनाभर पुरली, शुल्कमाफीची बातमी व्यापारविषयक पानावर दोन दिवसांत संपली.

राष्ट्रपतिपदावर २५ जुलै २०२२ रोजी द्रौपदी मुर्मू आल्या, पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. निवडून देणारे आमदार आणि खासदार होते, उमेदवार सत्ताधारी पक्षाने निवडला होता. तरी संथाळ घरातील एक स्त्री त्या आसनावर बसली याचे महत्त्व उणे होत नाही. मयूरभंज जिल्ह्यातील उपरबेडा या त्यांच्या गावी बातमीदारांची रीघ लागली आणि त्या गावाच्या एका पाड्यावर अजून वीजच नसल्याचे उघड झाले. उमेदवारी जाहीर होताच तेथे खांब रोवण्याची धावपळ सुरू झाली. एका पाड्याला वीज मिळण्यासाठी तेथील लेक राष्ट्रपतिपदाची उमेदवार व्हावी लागते, ही बातमी कौतुकाने छापली गेली.

त्याच जुलै महिन्यात, निकालाच्या काही दिवस आधी, अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा तालुक्यात पाचडोंगरी आणि कोयलारी या मेळघाटातील गावांत उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिऊन माणसे दगावली. कितीतरी जण रुग्णालयात गेले. मेळघाटातील कुपोषणाची प्रकरणे उच्च न्यायालयात तीन दशके चालत आली आहेत, त्यांत ही आणखी एक भर. मंत्र्यांनी भेटी दिल्या, चौकशीचे आदेश निघाले. दोन आठवड्यांनी त्याच वर्तमानपत्रांनी आदिवासी अस्मितेच्या विजयाचे विशेष अंक काढले. कोरकू बायकांची नृत्ये त्यांत होती. कोयलारी नव्हती.

हे दोन विषय वेगळे मानण्याचे कारण नाही, कारण राज्यघटनेनेच ते जोडले आहेत. धारणी आणि चिखलदरा हे तालुके पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्र आहेत. त्या अनुसूचीच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे राज्यपालाने अनुसूचित क्षेत्रांच्या प्रशासनाविषयी राष्ट्रपतींना दरवर्षी अहवाल द्यायचा असतो, आणि राष्ट्रपतींनी मागितला तर केव्हाही द्यायचा असतो. म्हणजे मेळघाटातील विहिरीचे पाणी हा थेट राष्ट्रपती भवनाच्या टेबलावर जाऊ शकणारा विषय आहे. राष्ट्रपतिपदावरील व्यक्ती संथाळ असो वा ब्राह्मण, हे कलम तेच राहते. १९५० पासून ते आहे, आणि त्याचा आधार घेऊन आजवरच्या प्रत्येक राष्ट्रपतींना प्रश्न विचारता आला असता. पहिल्या आदिवासी राष्ट्रपतींना तो विचारण्यात अनादर मुळीच नाही. उलट त्यांना शोभेची वस्तू न मानता घटनात्मक पदाधिकारी मानल्याची ती खूण ठरेल.

महाराष्ट्राच्या राज्यपालांनी २०२२-२३ या वर्षासाठी असा अहवाल धाडला काय, त्यात चिखलदरा तालुक्याविषयी काय लिहिले आहे, पाचडोंगरीच्या विहिरीचा उल्लेख आहे किंवा नाही, राष्ट्रपतींच्या कार्यालयाने त्यावर काही विचारणा केली काय, एवढे चार प्रश्न अमरावतीच्या एखाद्या जिल्हा बातमीदाराने कागदावर उतरवले तर पुरे. माहितीच्या अधिकाराखाली राज्यात असा अर्ज करायला दहा रुपये लागतात.